आधी घड्याळ, मग ब्रश: पार्किन्सन्स असलेल्या हातांनी तान्ह्या पोळ्याचे नंदी रंगवावे आणि वाटावे कसे

आषाढ लागला की माझा फोन वाजायला लागतो. ‘‘काका, चाळीस नंदी कबूल केले, आता हातच चालून नाही राहिला.’’ बोलणारा पार्किन्सन्सचा पेशंट असतो, नाहीतर त्याची बायको. मी विचारतो, गोळी कधी घेता? ‘‘सकाळी नाश्त्यासोबत.’’ रंगवायला कधी बसता? ‘‘वेळ मिळेल तेव्हा.’’ बहुतेक वेळा इथेच घोटाळा सापडतो. हाताचा दोष नसतो, क्रम उलटा लागलेला असतो. लोक आधी शब्द देतात, मग रंग आणतात, मग बसायची जागा शोधतात, आणि गोळीच्या वेळेचा विचार सगळ्यात शेवटी. हा क्रम पूर्ण उलटा करायचा आहे.

मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. कालव्यांचे नकाशे काढण्यात नोकरी गेली. नऊ वर्षांपूर्वी निदान झालं, आणि गेली सहा वर्षं मी तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याला, पोरं ओढत नेतात ते चाकांचे लाकडी नंदी रंगवून घराजवळच्या लहान मुलांना देतो. पहिल्या वर्षी एका बालवाडीला ६० नंदी कबूल केले आणि दिले २२. तिथल्या ताईंनी मुलांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी न निघालेला एक पोरगा पूर्ण वेळ माझ्या नंदीचं चाक बोटाने फिरवत उभा होता, मागत नव्हता, नुसतं फिरवत होता. त्यानंतर मी हा क्रम बसवला.

तुम्ही नंदीऐवजी भरतकाम करत असाल, कागदाच्या पिशव्या करत असाल, तरी पहिले तीन टप्पे तसेच्या तसे लागू आहेत.

टप्पा १: पंधरा दिवस ब्रशला हात नाही, फक्त वही

पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या डोपामिन (हालचालीचा निरोप पोचवणारं रसायन) तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. लेव्होडोपाची गोळी ती उणीव काही तासांपुरती भरून काढते. सुरुवातीच्या वर्षांत दिवस सपाट जातो. पुढे पुढे गोळी ‘लागते’ आणि ‘उतरते’ हे स्पष्ट कळायला लागतं. लागलेली असते तेव्हा तुम्ही अर्धे कारागीर असता, उतरली की शर्टाचं बटणही लागत नाही. काम करायचं ते या लागलेल्या वेळात. ही वेळ शोधायची कशी?

एक दोन रेघी वही घ्या. सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत दर तासाला तीन गोष्टी लिहा: गोळी घेतली असेल तर तिची वेळ, खाल्लं असेल तर काय, आणि स्वतःचं पूर्ण नाव एकदा. नाव महत्त्वाचं. पार्किन्सन्समध्ये अक्षर बारीक होत जातं. ओळीच्या सुरुवातीला मोठं आणि शेवटी मुंगीएवढं. गोळी लागलेली असताना तेच नाव ओळ भरून येतं. पंधरा दिवसांनी वही उघडून फक्त नावाचा आकार बघत पानं उलटा. कोणत्या तासांना अक्षर मोठं आहे ते डोळ्यांना आपोआप दिसेल. नाव मोठं आलं, पण हात-मान आपसूक वळवळत होती, असे तास वेगळे खुणा करून ठेवा. ती गोळी जास्त लागल्याची वेळ असू शकते आणि बारीक कामाला ती उपयोगाची नाही.

माझ्या गोळ्या ७, ११, ३ आणि ७ वाजता. माझी चांगली वेळ पावणेआठ ते सव्वादहा. दुपारीही एक वेळ येते, पण तिचा भरवसा नाही. म्हणून माझं कारखान्याचं शटर सव्वादहाला पडतं.

वहीतून अजून एक गोष्ट बहुतेकांना सापडते: जेवणाची. लेव्होडोपा आणि प्रथिनं आतड्यातून रक्तात जायला एकच दार वापरतात, म्हणून वरण, दही, अंडी किंवा पनीर यांच्यासोबत घेतलेली गोळी उशिरा लागते किंवा अर्धवट लागते. गोळी साधारणपणे खाण्याच्या अर्धा तास आधी, साध्या पाण्यासोबत. ताकासोबत नाही, दुधासोबत नाही. लोहाच्या गोळीतही अंतर ठेवावं लागतं. पोट साफ नसेल तरी गोळी उशिरा लागते, म्हणून ‘आज सकाळी पोट’ असाही एक रकाना मी ठेवतो. हसू नका. या रकान्याने माझे दोन महिने वाचवलेत.

> सावधान: वही बघून स्वतःच गोळी वाढवू, पुढे-मागे करू किंवा बंद करू नका. लेव्होडोपा एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं. वही न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. पाच मिनिटांच्या भेटीत ‘बरं आहे’ म्हणण्यापेक्षा पंधरा पानं टेबलावर ठेवली की डॉक्टर खुर्ची पुढे ओढतात.

> तपासा: सलग पाच दिवस एकाच वेळी अक्षर मोठं येतं का? येत असेल तर टप्पा २. येत नसेल तर आधी डॉक्टर, रंग नंतर.

टप्पा २: बैठक

आपल्याकडे रंगकाम म्हणजे जमिनीवर चटई टाकून, मांडी घालून. ते विसरा. जमिनीवरून उठताना पडलेले तीन जण मला माहीत आहेत, त्यातला एक मी.

खुर्ची हातांची हवी, चाकांची नको. तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. टेबल इतकं उंच की कोपर त्यावर ठेवला तर खांदा वर जाणार नाही. दोन्ही कोपरे कामाच्या पूर्ण वेळेत टेबलावरच राहणार आहेत, म्हणून कडेला मऊ टॉवेल घडी घालून चिकटवा.

टेबलावर गडद कापड अंथरा. मी जुन्या हिरव्या पडद्याचा तुकडा वापरतो. पार्किन्सन्समध्ये फिक्या रंगातला फरक ओळखणं अवघड जातं. पांढऱ्या टेबलक्लॉथवर प्राइमर लावलेला पांढरा नंदी मला खरोखरच दिसत नसे, आणि मी चष्म्याच्या दुकानात चकरा मारत होतो. उजव्या हाताने काम करत असाल तर उजेड डावीकडून घ्या, नाहीतर हाताचीच सावली ब्रशच्या टोकावर पडते.

आता नागपूरची गोष्ट. होळीनंतर कूलर लागतो आणि कूलरची वायर वाटेत येते. ती भिंतीकडून घ्या. पाय उचलून टाकणाऱ्यांना वायर दिसते, पाय घासत चालणाऱ्यांना ती फक्त लागते. दारातलं तरटाचं पायपुसणंही काढा. कूलरचा झोत टेबलावर येऊ देऊ नका. अॅक्रिलिक रंग ब्रशवरच वाळतो आणि तुम्हाला वाटतं की हात जड झाला.

आणि मे महिना सोडून द्या. पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा अंगातलं पाणी कमी होतं, रक्तदाब उतरतो. पार्किन्सन्समध्ये, आणि त्याच्या औषधांनीही, उभं राहिल्यावर रक्तदाब पडण्याची प्रवृत्ती आधीच असते. ‘पण आमच्याकडे एसी आहे’ असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की संडासात एसी नसतो. बसल्या जागेवरून उठताना: आधी खुर्चीच्या कडेला सरका, पावलं वीसदा वर-खाली करा, मग उठा, उभे राहून दहा मोजा, मग चाला.

टप्पा ३: हत्यारं

लोकांना वाटतं कंप हा मुख्य शत्रू. मलाही वाटायचं. पण पार्किन्सन्सचा कंप बहुतेक करून हात निवांत असताना असतो. मांडीवर ठेवलेला हात थरथरतो आणि ब्रश उचलून काम सुरू केलं की तो कमी होतो. खरे चोर दोन: हालचाल मंद होणं आणि हालचाल लहान होणं. दहा इंच ओढायची रेघ तीन इंचांवर विरते. म्हणून बारीक ब्रश घेऊन ‘नाजूक काम’ करायला बसणं ही पहिली चूक. (निवांत असताना काही नाही आणि कप उचलला की हात थरथरतो, असं असेल तर तो वेगळा आजार असू शकतो, औषधही वेगळं. तपासून घ्या.)

दुसरी गोष्ट: ब्रश हवेत धरून विचार करत बसलात की काही सेकंदांत कंप परत येतो. म्हणून विचार हात टेबलावर ठेवून करायचा. ठरलं की ब्रश उचला, रंग, थेट लाकूड, परत टेबल.

सामान असं:

- चपटे ब्रश, १ इंची आणि अर्धा इंची. गोल ब्रश एकच, ६ नंबरचा.
- जाड मूठ. एसीच्या तांब्याच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम. एसी दुरुस्तीवाल्याकडे हातभर तुकडा मिळतो. ब्रशच्या दांड्यावर चढवा, टेप गुंडाळा. मूठ जाड झाली की बोटं आवळावी लागत नाहीत, आणि बोटं आवळली नाहीत की मनगट दुखत नाही.
- शिकंजा. नंदीच्या खालची चाकांची पाटी टेबलाच्या कडेला शिकंज्याने पकडायची. एका हाताने नंदी धरून दुसऱ्याने रंगवणं म्हणजे दोन कामं, आणि आपल्याला एका वेळी एकच काम नीट जमतं.
- रंगाची वाटी जड. दगडी खलबत्त्यातला छोटा खल माझ्याकडे आहे. प्लास्टिकची झाकणं वापरू नका, उडतात.
- स्पंजचे तुकडे, पोस्टाच्या तिकिटाएवढे, चिमट्यात पकडून.
- मास्किंग टेप. हा माझा खरा गुरू. सरळ कड आता माझ्या हातात नाही, टेपमध्ये आहे.

रंग पाण्याचे अॅक्रिलिक, लहान मुलांसाठी सुरक्षित असल्याचं डब्यावर लिहिलेले. घरात पडलेला जुना ऑइलपेंट मुळीच नको. आपल्याकडे रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या डब्यात काय आहे याची खात्री नाही, आणि दोन वर्षांचं पोर नंदीचं शिंग आधी तोंडात घालतं.

नंदी कोरेच घ्या, सुताराकडून, होळीच्या आसपास. पोळ्याच्या पंधरवड्यात बाजारात मिळतात ते आधीच रंगवलेले आणि महाग. सहा ते आठ इंच उंचीचे बरे. लहान नंदी सोपा वाटतो, असतो अवघड.

टप्पा ४: रंगवायचा क्रम

एका वेळी चार नंदी. एक नाही, दहाही नाहीत. चौघांवर तेच काम ओळीने केलं की हाताला लय सापडते आणि पहिला वाळेपर्यंत चौथा होतो.

४.१ घासणं. आधी १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०. पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळा. हे काम वाईट दिवशीही करता येतं. ज्या दिवशी नाव बारीक आलं त्या दिवशी मी फक्त घासतो. मास्क लावा.

४.२ प्राइमर. एक हात, पांढरा. मोठा ब्रश, मोठा फटकारा. मनात मोजा: एक-दोन-तीन-चार, लेझमीचा ठेका असतो तसा. ठेक्याने हालचाल मोठी राहते. पार्किन्सन्समध्ये आतला ठेका बिघडलेला असतो, बाहेरून दिला तर शरीर तो उचलतं. माझी बायको स्वयंपाकघरातून टाळी वाजवायची. आता मोबाइलवर मेट्रोनोम आहे. टाळी बरी होती.

४.३ अंग. पांढराच ठेवा किंवा बदामी करा. दोन पातळ हात, मध्ये अर्धा तास. पावसाळ्यात तास धरा. जाड एक हात दिलात तर वशिंडाच्या खाली ओघळ येतो आणि तो कितीही घासला तरी दिसतो.

४.४ झूल. इथे सगळे चुकतात, कारण इथे सगळ्यांना कलाकार व्हायचं असतं. पाठीवर झुलीच्या चारी कडा टेपने बांधा, टेपची कड नखाने दाबा, आत लाल किंवा निळा भरा, आणि रंग अर्धवट ओला असतानाच टेप काढा. पूर्ण वाळल्यावर ओढली तर रंगाची सालपटं येतात. नक्षी ब्रशने काढू नका. स्पंजचे ठिपके द्या. ठिपका सरकला तरी तो ठिपकाच असतो. वेल सरकली की ती चूक दिसते.

मला हे पचवायला वर्ष लागलं. नकाशातल्या एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा जुळल्या नाहीत तर पूर्ण शीट फाडणारा माणूस मी. पहिल्या वर्षी झुलीवर मी वेलबुट्टी काढायला गेलो आणि बरेच नंदी तिथेच रखडले.

४.५ शिंगं आणि खूर. ब्रश लावू नका. छोट्या बाटलीच्या झाकणात रंग घ्या आणि शिंग त्यात बुडवा. नंदी उलटा धरायला दुसऱ्या माणसाचे हात लागतात, नातवाला बोलवा. वर बेगड चिकटवायची असेल तर मोठा पट्टा, बारीक कात्रण नको.

४.६ डोळे. गोल ब्रशच्या मागच्या टोकाने, दांडी रंगात बुडवून टेकवायची. एकदा. दुरुस्ती नाही. माझे काही नंदी तिरळे असतात. पोरं तेच आधी उचलतात, काऊन ते विचारू नका.

४.७ वरचा हात. पाण्याचं वॉर्निश, दोन हात. घुंगरू, मणी, टिकल्या चिकटवायच्या नाहीत. तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात मणी अडकू शकतो.

> तपासा: वॉर्निशनंतर दोन दिवसांनी ओला पांढरा फडका नंदीवर जोरात घासा. रंग लागला तर तो नंदी वाटायचा नाही.

टप्पा ५: थांबणं

बैठक ४० मिनिटांची. गजर लावा. गजर झाला की अर्धवट शिंगसुद्धा सोडा. आठवड्यात तीन बैठका. वेळ उरली म्हणून चौथी नको.

हा टप्पा मी स्वतंत्र का केला ते सांगतो. चौथ्या वर्षी माझं काम अचानक फार ‘बहरलं’. पहाटेपर्यंत जागून रंगवायचो, दिवसाला सहा-सात तास. सुताराला १४० कोरे नंदी सांगून आलो. रंगांचे डबे ऑनलाइन येत राहिले, दिवाणाखाली ठेवत गेलो. लोक म्हणाले, बघा, आजाराने कलाकार जागा केला. मलाही ते गोड वाटलं. एका रात्री ही उठून आली आणि दारात उभी राहून म्हणाली, ‘‘अहो, अडीच वाजून राहिले. एकाच नंदीची एकच झूल चौथ्यांदा पुसून राहिले तुम्ही.’’

दुसऱ्या दिवशी तीच वही घेऊन डॉक्टरांकडे गेली. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या पार्किन्सन्सच्याच दुसऱ्या गटातल्या गोळ्यांनी काही जणांना अशी ओढ लागते: जुगार, खरेदी, खाणं, कामवासना, किंवा एकच काम पुन्हा पुन्हा करत बसणं. चित्र काढण्याची ओढही यात येते. मात्रा हळूहळू कमी केली आणि दोन महिन्यांत मी दहाला झोपायला लागलो. कला गेली नाही. १४० नंदींचं बिल मात्र राहिलं.

पेशंटला हे स्वतःला कळत नाही, कारण ते सुखाचं असतं. म्हणून घरच्यांनी तीन गोष्टींवर लक्ष ठेवायचं: झोपेची वेळ, सामानावरचा खर्च, आणि थांबवल्यावर येणारा राग. तिन्ही एकदम बदलल्या तर डॉक्टरांना फोन. याही गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत.

टप्पा ६: फळी भरल्याशिवाय शब्द नाही

नियम एका ओळीचा आहे: जे फळीवर तयार आहे तेच कबूल करायचं.

हिशेब असा. चार नंदींच्या घाण्याला मला पाच-सहा बैठका लागतात, म्हणजे दोन आठवडे. होळीनंतर मार्चच्या मध्याला सुरुवात केली तर जुलैअखेर सुमारे १९ आठवडे. मे वजा, उरले १५. सात घाणे, २८ नंदी. यातून चौथा हिस्सा वजा करा: सर्दी, लग्न, गोळी न लागलेले दिवस, सुताराची बेपत्ता झालेली चाकं. उरले २१. हा झाला तुमचा अंदाज, अजून शब्द नाही. शब्द पोळ्याच्या तीन आठवडे आधी, फळीवरचे मोजून.

पोळा श्रावण अमावास्येला, तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी. तारीख दरवर्षी सरकते, कधी ऑगस्ट, कधी सप्टेंबर. कॅलेंडर आधी बघा.

जागा निवडताना मोठ्या संस्थेकडे जाऊ नका. तिथे कार्यक्रम होतो, सत्कार होतो, दोन तास प्लास्टिकच्या खुर्चीत बसावं लागतं आणि भाषणात तुमच्या ‘जिद्दी’चं कौतुक होतं, तोवर गोळी उतरते. घरापासून चालत जाण्यासारखी अंगणवाडी किंवा बालवाडी बघा, पटसंख्या तुमच्या फळीपेक्षा कमी असलेली. पटावर १८ मुलं असतील आणि तुमच्याकडे २१ नंदी असतील तरच हो म्हणा. उरलेले तीन मोडतोडीसाठी लागतात.

टप्पा ७: पोचवणं

सणाच्या दिवशी जाऊ नका. मारबतीच्या (मोठ्या पुतळ्यांच्या) मिरवणुकीने नागपुरातल्या महाल-इतवारीकडचे रस्ते त्याच दिवशी भरलेले असतात. दोन-तीन दिवस आधी, तुमच्या चांगल्या वेळेत.

लांब जायचं असेल तर मेट्रो बरी, पण गर्दीची वेळ टाळून. सरकता जिना नाही, लिफ्ट. लिफ्टच्या किंवा डब्याच्या दारात पाय जमिनीला चिकटले तर जोर लावू नका आणि बरोबरच्याने ओढू नये. थांबा, श्वास घ्या, समोर जमिनीवर एक रेघ आहे असं समजा आणि तिच्यावरून पाऊल टाका. माझ्यासोबतचा माणूस आपलं पाऊल माझ्यासमोर आडवं ठेवतो, मी ते ओलांडतो.

खिशात एक चिठ्ठी: नाव, आजार, गोळ्यांच्या वेळा, घरचा नंबर, आणि ठळक अक्षरात ‘उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड देऊ नये’. या औषधाने पार्किन्सन्सची लक्षणं वाढतात, आणि रस्त्यातल्या दवाखान्यात ते सहज टोचलं जातं. पुढची गोळीही सोबत ठेवा, पाण्यासह.

मुलांसमोर काय करायचं? पार्किन्सन्समध्ये चेहऱ्याचे स्नायू कमी हलतात, चेहरा मख्ख दिसतो, आवाज खाली जातो. माझ्या स्वतःच्या नातवाने एकदा विचारलं होतं, ‘‘आबाजी, तुम्ही रागावले का माह्यावर?’’ म्हणून आत गेल्या गेल्या मी सांगतो, ‘‘माझा चेहरा हसत नाही, पण मी खूश आहो. माझा हात हलतो, त्याले भिऊ नका.’’ तुम्हाला ओरडल्यासारखं वाटेल इतक्या मोठ्याने बोला. ऐकणाऱ्याला ते जेमतेम पुरतं. पोरं दोन मिनिटं हाताकडे बघतात, मग नंदीकडे.

नंदी देताना बोलायचं नाही आणि बोलताना नंदी धरायचा नाही. दोन कामं एकदम केली की एक हातातून पडतं, आणि पडतो तो नंदीच.

टप्पा ८: दुसऱ्याला शिकवणं (घाई नको)

एक अख्खं वर्ष वाटप नीट झालं की मगच. मी शनिवारी अकरा ते बारा घेतो, चार जण, प्रत्येक दोघांमागे एक धडधाकट मदतनीस. पाचवा आला तर त्याला पुढची यादी.

जागा बघताना खोलीआधी संडास बघा. कडी, पकडायला दांडी, कोरडी फरशी. मग खुर्च्या.

येणाऱ्याने आपली पंधरा दिवसांची वही आणलीच पाहिजे. वही नाही तर वर्ग नाही, यात मी कुणाचं ऐकत नाही. पहिल्या दिवशी फक्त नाव लिहिणं आणि घासणं. मी आधी गप्प बसून करून दाखवतो, मग ब्रश ठेवून सांगतो.

सगळ्यांचा आजार एक नसतो. आमच्याकडे मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) एक ताई येतात. त्यांना उन्हाने, अंग तापल्याने दिसणं आणि हाताची ताकद तात्पुरती कमी होते. त्यांची जागा कूलरजवळ आणि मार्चनंतर त्यांना सुट्टी. लकव्यानंतर एका बाजूने काम करणाऱ्याला शिकंजा दुसऱ्या बाजूला लागतो. विचारून घ्या, अंदाज करू नका.

> सावधान: वर्गात गोळ्यांची देवाणघेवाण, ‘माझी मात्रा इतकी, तूही घेऊन बघ’ असलं बोलणं पूर्ण बंद. कुणी गंडेदोरे किंवा ‘मुळापासून बरा’ करणारी पावडर आणली तर ती दाराबाहेर.

एक काम वर्गात जरूर करा: दिव्यांग प्रमाणपत्राचे अर्ज. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, त्यात पार्किन्सन्स आणि मल्टिपल स्क्लेरोसिस दोन्ही आहेत. अनेकांना हे माहीतच नसतं; ‘दिव्यांग म्हणजे पाय नसलेला’ असंच डोक्यात असतं. यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात. बऱ्याच सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. तपासणीला जाताना सगळे जुने कागद घेऊन जा, आणि शक्य तर गोळी लागलेली आणि उतरलेली अशा दोन्ही वेळचे मोबाइलवरचे व्हिडिओ. उत्तम वेळी, इस्त्रीचा शर्ट घालून, ताठ बसून तपासून घेतलं तर कागदावर तुम्ही ठणठणीत दिसता.

तान्ह्या पोळ्यानंतर

पोरं नंदी ओढत दारोदार बोजारा (खाऊ-पैसे) मागून येतात आणि त्याच संध्याकाळी पहिलं चाक निखळतं. दुसऱ्या दिवसापासून ती तुमच्या फाटकाशी उभी असतात. खणात दहा-बारा सुटी चाकं, खिळे आणि लाकडाचा गोंद तयार ठेवा. गोंद लावल्यावर २४ तास नंदी चालवायचा नाही, हे आईला सांगा. पोराला सांगून उपयोग नाही. दुरुस्तीची वेळही फाटकावर लिहून ठेवा. माझ्याकडे पाटीवर लिहिलंय: सकाळी ८ ते १०.